नाव विसरवणारा जादूगार

जादूचे खेळ बघायचे तर कुठं, म्हणता? मी भोरला पाहिले, नवीनच मास्तर झालो होतो तेव्हा, रामनवमीच्या उत्सवातल्या तंबूत. जादूगारानं माझ्या बायकोला पुढं बोलावलं, तोंडासमोरून रुमाल फिरवला आणि म्हणाला, "ह्या बाई नवऱ्याचं नाव विसरल्या. आठवत असेल तर सांगा!"

आता कोणती बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणार? त्यातून माझी आई पहिल्या रांगेत बसलेली. बायको गप्प राहिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. वेल्ह्याचा एक धनगर ओरडला, "मास्तर, तुमी गेलात की वो!"

"नवरा पुसला!" जादूगार म्हणाला. सगळे हसले. मी मान खाली घातली.

तिनं पदर सावरला. "यशवंत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "यशवंत रामचंद्र. ते काय, समोर बसलेत."

जादूगाराचा रुमाल हातातच राहिला. तंबू शिट्ट्यांनी दणाणला, आणि पहिली टाळी आईची होती.

घरी येताना मी म्हटलं, "पुन्हा एकदा म्हण ना."

"जादू एकदाच दाखवायची असते," ती म्हणाली.

ते तिनं शेवटपर्यंत पाळलं.