कान पोचला की पहिली

तुम्ही प्रवेश परीक्षांचं रडगाणं गाताय, पण आमच्या राणीची परीक्षा ऐका. कबनूरच्या शाळेत डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, तरच पहिलीत घ्यायचे. राणी माझी भाची. तिचा हात काही पोचेना. ताई यंत्रमागावर कामाला, त्यामुळे बालवाडी सुटली की पोरगी त्या खडखडाटात बसून राहायची. अजून एक वर्ष तसंच?

मी भडकलोच. “गुरुजी, जन्माचा दाखला आणलाय की!”

“दाखला खोटा असतोय. कान न्हाय.” मग राणीला म्हणाले, “असा धर की गं,” आणि स्वतःच हात वर नेला. त्यांचा आखडलेला खांदा मध्येच अडला.

राणीनं काळजीनं विचारलं, “गुरुजी, तुमी बी बालवाडीत येणार?”

“व्हय की,” गुरुजी खांदा चोळत म्हणाले. “मी जातो बालवाडीत. तू बस पहिलीत.”