बोर्डावरची अकरावी रेघ

—दहाच. दहाच नावं हायेत, लखीरामभाऊ, तुमी अकरा रेघा कायले मारून आनल्या? फुटबॉलच्या टीममंधी अकरा असतेत? हे कोनाले सांगून राह्यले? मले? अरे बाप्पा, केनवडच्या या बौद्ध वस्तीत पयला फुटबॉल आनला कोनं—मीनं आनला, सत्तावन साली, पलटनीतून सुट्टीवर आलो तवा, ट्रंकेत घालून, हवा काढून! अन् उघड्या पायाच्या पोट्ट्यायले खेळ शिकवला तो बी मीनंच, जानराव नायकानं. बसा ना, बसा. कारंज्याहून एसटीनं हाडं खिळखिळे करून आले, कपभर चहा तं घ्या. पयल्या टीमच्या नावायचा बोर्ड विहारात अशोक विजयादशमीले लागाचा हाय, टाइम हाय अजून. रामकिसन गोलकीपर, मंग दौलतराव, मंग बाकीचे—दहा सांगतले ना मीनं? तेवढे रंगवा. अकराव्या रेघीवर रंगाचा हात मारून टाका, दिसनार नाई.

फोटो? तो भितीवरचा? पाहा, जोळ जाऊन पाहा. ते पोलंडवाले होत. दिल्लीच्या वकिलातीतून मासिक येते मले, फुकट, गुळगुळीत कागदाचं—दुसरा कोनी असता तं पोरायच्या पुस्तकायले कव्हरं घातले असते. यंदा जर्मनीत वर्ल्ड कप झाला ना, तिसरा नंबर आनला यायनं, ब्राझीलले पाडून! हा टक्कल पडेल दिसते तो लातो—सात गोल, साऱ्या दुनियेत जास्त. हा कॅप्टन, देय्ना. हा ताडासारखा गोलकीपर, तोमाशेव्स्की—याले विलायतेत जोकर म्हनलं, अन् मांगच्या साली त्याच जोकरनं इंग्रजायले त्यायच्याच घरी रडवलं. जर्मनीसंगं मॅच होती तं असा पानी पडला का बॉल जागचा हालेना, बंबवाले बलावून मैदान उपसलं, अन् हरले एका गोलनं. नशीब, दुसरं काय? अन् यायचा साऱ्यात मोठा गडी, लुबान्स्की, तो या फोटोत नाईच—त्याचा गुडघा गेला, इंग्रजायसंगंच खेळताना. वर्ल्ड कप हुकला बिचाऱ्याचा. पन त्याले कोनी टाकलं नाई हो. पाय मोडला म्हनून मानूस टाकतेत काय कोनी? टाकतेत. टाकतेत, लखीरामभाऊ—जाऊ द्या, चहा घ्या.

मले काहून ठाव एवढं? यानेकमुळं. चौपन साली व्हिएतनामची फ्रेंचायसंगंची लढाई थांबली तवा तीन देशायचं कमिशन बसवलं होतं तथी—आपला देश, कॅनडा अन् पोलंड. अठ्ठावन साली मी तथी हनोईले गाडी चालवो, यानेक त्यायचा सार्जंट, कोयशाच्या खानीकडचा. त्याची हिंदी चार शब्दायची, माही पोलिश दोन. पन फुटबॉलले भाषा कायले लागते? त्यानं सांगतलं—अडतीस साली, फ्रान्समंधी, पोलंडची वर्ल्ड कपातली पयली मॅच, समोर ब्राझील. सहाले पाच गोलनं हरले. पन त्या पाचातले चार एकट्यानं मारले. एकट्यानं, भाऊ! मंग मोठी लढाई लागली, जर्मनीनं पोलंड गिळला, अन् हा गडी जर्मनीच्या टीमकडून खेळला. खलास. लढाई सरल्यावर त्याचं नावच पुसलं. ‘आमी त्याचं नाव घेत नाई,’ यानेक म्हने, अन् तोंडावर असं बोट ठेवे. मले लय आवडलं ते, खोटं कायले सांगू. म्हनलं, याले म्हनतेत शिस्त.

अन् त्याच हप्त्यात मले घरचं पत्र आलं. इकडं काय चालू होतं तुमाले मालूम नसंल, तुमी लहान असान. आमी धम्म घेतला, मेलेले ढोरं ओढनं सोडलं, तं गावानं बहिष्कार टाकला—दुकानात मीठ भेटेना, चक्कीवर दयन घेईना, वावरात कामाले कोनी बलाईना. अन् अशा टायमाले वाशीमच्या मैदानात मॅच लागली, आपली टीम अन् पाटलाची टीम. पाटलाकडून उतरला कोन? माह्या घरचाच. माह्या पाठचा, सख्खा भाऊ, आपल्याच टीमचा अकरावा गडी. आपल्याच रामकिसनले दोन गोल मारले त्यानं. दोन्ही पायानं खेळे तो, मीनंच शिकवलं होतं. काहून गेला? कायले गेला?—माय बिमार होती. आमची माय, भागिरथा. मले पलटनीतून मनिआर्डर कराले उशीर होये, पोचाले अजून उशीर. पाटलानं तिले दवाखान्यात न्याले बैलबंडी देली, घरात ज्वारी टाकली, अन् म्हनला, चाल खेयाले. हे मले मांगून कयलं. पत्रात तं दोनच ओळी होत्या.

मीनं उलट टपाली लिहिलं—आजपासून त्याचं नाव कोनी घ्याचं नाई. पानी नाई, चुलीले इस्तो नाई, बोलनं नाई. मास्तरनं ते पत्र वस्तीत उभं राहून वाचलं. पलटनीतल्या मानसाचं पत्र, कोन मोडते? गावानं आमच्यावर जे टाकलं, तेच मीनं त्याच्यावर टाकलं, अन् मले वाटलं मी लय मोठं काम केलं. पुढच्याच मॅचले त्याचा पाय मोडला. पाटलाले मोडक्या पायाचा काय उपेग? ढोरायच्या गोठ्यात टाकला त्याले. वस्ती तथून दोनशे पावलं. तो आवाज दे, म्हनतेत—एकेकाचं नाव घेऊन आवाज दे, साऱ्या टीमचं. कोनी उठलं नाई. माय रांगत निंघाली तं तिले बी अडवलं, जानरावचं पत्र हाय म्हने. नवव्या दिवशी सरला.

हे कयवनारं पत्र बी मले हनोईलेच भेटलं. कोनाले बोललो नाई. मंग दीड महिन्यानं यानेकची बदली झाली. निंघायच्या दिवशी त्यानं मले गाडीच्या आड नेलं, इकडं तिकडं पाह्यलं अन् कानात म्हनला—विलिमोव्स्की. ते नाव! अन् चारी गोल सांगतले त्यानं, मातीत बोटानं रेघा काढून, बॉल कुठून आला, कोनाले हुलकावनी देली—डोये भरून आले त्याचे. म्हनलं, तुले हे कोनं सांगतलं? म्हने, बापानं. बापाले बी बंदीच होती ना? तवा माह्या डोक्यात उजेड पडला, लखीरामभाऊ. ते चारचौघात नाव घेत नव्हते, अन् घरात लेकराले सांगत होते. यानेक मले गोल सांगून राह्यला होता, अन् मी बह्याड, बंदी तेवढी शिकलो.

मंग आता लिहा म्हनता? कसं लिहू? सोळा वर्सं झाले, वस्तीत एका मानसानं माह्यासमोर ते नाव काढलं नाई. मायनं बी मरेस्तोवर नाई काढलं. माह्या शब्दासाठी या लोकायनं त्याचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं, अन् आता त्यायलेच म्हनू, का गड्याहो, माहं चुकलं? त्यायनं कुठं तोंड लपवाचं मंग? नाई. दहाच.

काय? वही? कोन्ती वही—आना इकडं. चष्मा… हां. हे अकरावं नाव कोनं लिहून देलं तुमाले? रामकिसननं? गोल खाल्ले त्या रामकिसननं? कवा? अन् दौलतरावनं बी सांगतलं? शेजारची रंगूबाई बी? दुसरा गोल डाव्या पायानं मारला हे बी सांगतलं तिनं?—तिच्या नातवाले ठाव हाय? सात वर्साच्या पोट्ट्याले?

म्हंजे घेतेत. घरोघरी घेतेत. सोळा वर्सं. मी आलो का चूप होतेत.

मंग मले इचाराले कायले धाडलं तुमाले? हुकूम पाह्यजे होता? माहा?

इंद्रभान.

हो. बरोबर हाय. इंद्रभानच. जा तुमी आता. चहा राहू द्या. जा म्हनलं ना.