थोरलीच्या डोक्यातला कागद

हॅलो?… हो, देवासच. विद्युल्लताच बोलतेय, माझा फोन दुसरं कोण उचलणार… ऋजुता! अगं, आत्ता तुलाच लावणार होते. गौरी आणल्यास आत? पावलं काढलीस?… छान, छान. आता मी काय म्हणते ते ऐक…

नाही, आधी माझं…

बरं बाई, तुझं आधी. जाऊबाई आहेस, बोल.

थोरली बसत नाहीये? म्हणजे?… धाकटीचा मुखवटा नीट बसला, थोरलीचाच डुगडुगतो. अच्छा… हलवून बघितलास? अगं, देवीला हलवतात का!… आतून सळसळ येते?

येऊ दे गं. थोरल्यांच्या डोक्यात काही ना काही असतंच. तू साडी नेसव आणि मोकळी हो.

आत हात घालू नकोस! ऋजुता, माझी शपथ आहे तुला… अगं, थांब. दार लोटते जरा. हे बाहेर पेपर वाचतायत.

हं. ऐक. आत ह्यांचा कागद आहे… तो गं, माणूस गेल्यावर उघडतात तो. सणासुदीला नाव कशाला घ्यायचं… छे छे! ठणठणीत आहेत. आत्ताच दोनदा पोहे मागून घेतले.

अगं, ह्यांनीच लिहिला, पाकिटात घातला, डिंकाने चिकटवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, सांभाळ. वकील म्हणाले, "भाभीजी, ओरिजिनल ही चलेगी, झेरॉक्स का कोई मतलब नहीं." झालं! माझी झोप उडाली. बँकेच्या लॉकरात ठेवला, तर लॉकर ह्यांच्या एकट्याच्या नावावर. म्हणजे हे गेले की लॉकर उघडायला कागद दाखवा, आणि कागद कुठे? लॉकरात!… हसू नकोस. घरी आणला. तांदळाच्या डब्यात ठेवला, तर कामाच्या यमुनाबाईंनी तांदूळ उन्हात घातले, कागदासकट. गच्चीवर! शेवटी म्हटलं, गौरीच्या डोक्यात कोण हात घालतंय? मुखवट्यांची ट्रंक वर्षातून एकदा उघडते, तीही माझ्याच हातनं.

हो, हो, एक वर्ष देवास, एक वर्ष धार, मला शिकवू नकोस. लग्न होऊन आल्यापासून बघतेय. पण यंदा पाळी तुमची, हे ठेवताना सुचायला नको? आणि ट्रंक धारला पोचवली कोणी? ह्यांनीच! डिकीत नको म्हणे, देवी आहेत. मांडीवर घेऊन गेले. स्वतःचा कागद, स्वतःच्याच मांडीवर, इंदूर ओलांडून पार धारपर्यंत. मी मागून टाटा केला, तोपर्यंत मला आठवणही नव्हती.

नाही, मी गाडीत नव्हते. फाटकात उभी होते. तू मुद्द्यावर राहा.

आज दुपारी वकील येणार आहेत. रजिस्ट्रारकडे सीलबंद जमा करायचाय. तिकडे सरकारी तिजोरीत राहतो म्हणे, ना उंदीर ना यमुनाबाई. सकाळपासून हे विचारतायत, "कागद काढलास का?" आणि मी म्हणतेय, काढतेच आहे…

हो, हो… डाळ बोटचेपी शिजली पाहिजे, मगच गूळ… अगं, काही नाही, हे आत आले होते. चष्मा शोधत. डोक्यावरच होता. गेले.

तर तू तो अलगद काढ. न उघडता. आणि मयुरेश भावजींना म्हणावं… पीथमपूरला? आज पण शिफ्ट? अरे यार.

काय केलंस?… सांडशी? देवीच्या डोक्यात सांडशी घातलीस? मी इकडे शपथ घालतेय आणि तू…

फाटलं पाकीट. फाटणारच.

वाचू नकोस! खाली ठेव!… कोण वाचतंय? तुझी चिऊ? तिला कुठे मराठी वाचून कळतंय, हिंदी शाळेतली पोर… काय? पोलीस? कशाला पोलीस?… अगं, मृत्युपत्र म्हणजे धमकीचं पत्र नव्हे! वसीयत म्हणावं तिला, वसीयत! मोठ्या काकांची!

आता काय लपवू तुझ्यापासून. ऋजुता, आत जे लिहिलंय ते मनाला लावून घेऊ नकोस. मीच मागे लागले होते ह्यांच्या, की पुढे गौरी कायमच्या देवासला राहू द्या, ही ट्रंकेची ने-आण पुरे. मोठ्या घरच्या त्या, मोठ्या घरी राहू देत. रडायचं नाही हं आज…

रडत नाहीयेस? मग हसतेस कशाला?

दे, चिऊला दे फोन. वाच बेटा, आराम से… "माझ्या पश्चात"… हं… "गौरींचे मुखवटे"… हं… "कायमचे धारला, चि. मयुरेशकडे द्यावेत"…

कुठे? परत बघ. देवास असेल. ह्यांचं अक्षर घाणेरडंच आहे… धारच आहे.

कारणही लिहिलंय? "कारण सौ. विद्युल्लतेच्या"… गुडघ्यांचं असेल, गुडघे फार दुखतात माझे… "पुरणपोळ्या"… पुढे?… "चिवट होतात."

चिवट.

आणि हे सरकारी तिजोरीत ठेवणार होते! सीलबंद!

ऋजुता, हसायचंच असेल तर तोंडाला पदर लाव. जन्मभर ताटावर बसून "अजून एक वाढ" म्हणणारा हा माणूस!

काय चिऊ? अजून आहे? नको मला… बरं, वाच.

"शिवाय गौरी आपल्याकडे असल्या की ती"… हं… "सगळ्यांच्या मागून, गार झालेलं जेवते. धारला मात्र"… पुढे, बेटा… "माहेरवाशिणीसारखी पाटावर बसून गरम जेवताना मी तिला पाहिलं आहे. तेवढं तिला दर वर्षी मिळावं."

नाही गं, रडत नाहीये. नाकात काहीतरी गेलं.

हे कधी बघत होते मला जेवताना? मला वाटायचं, ह्यांचं लक्ष वाटीत असतं.

आले हो, आले! कागद ना? सापडला, सापडला! देवीजवळ आहे, काळजी नको!

ऋजुता, तो देव्हाऱ्यात ठेव. उद्या जेवायला येतोच आहोत, तेव्हा घेईन. वकिलांना सांगते, आज आमच्याकडे सण आहे, नंतर या. आणि ऐक, गौरी तुझ्याकडेच राहू देत. हो, मनापासून सांगतेय… रडू नकोस गं, आत्ता तर हसत होतीस. मला गरम वाढ म्हणजे झालं.

पण तो एक शब्द मी काढायला लावणारच… खोडाखोड चालत नाही, ठाऊक आहे मला. सगळं नव्याने लिहावं लागतं, साक्षीदार बोलवावे लागतात. लागू देत! बोलवू देत सगळी गल्ली!

बसली का थोरली आता?… बसणारच. एवढं डोक्यात घेऊन कोण स्वस्थ बसेल.

ठेवते… हो, हो, उद्या. ठेवते गं.

अहो! कोरा कागद आणि पेन घेऊन या इकडे. आणि आज जेवायला खिचडी आहे. मऊ!