शेवटची पाच मिनिटं

शनिवारी कॉर्व्हॅलिस गावातल्या होमब्रू दुकानात, म्हणजे घरी बिअर बनवायचं सामान मिळतं तिथे, मी यीस्टचं पाकीट घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. नवऱ्याच्या हातात हॉप्सच्या वाळक्या फुलांच्या तीन पिशव्या होत्या.

“तीन कशाला, वेंडेल? मागच्या खेपेची बिअर कडू जहर झाली होती.”

“शेजारचा एव्हरेट हेच हॉप्स वापरतो. जत्रेतल्या बिअरच्या स्पर्धेत पहिल्या नंबरची फीत त्यालाच मिळाली ना? मग मलाही हेच हवेत.”

“हॉप्स तेच आहेत रे. तू उकळी फुटली की सगळे एकदम ओततोस आणि तासभर शिजवतोस. वास वाफेबरोबर जातो, कडूपणा तेवढा उरतो.”

“मग तो काय वेगळं करतो? विचारलं तर कुंपणापलीकडून नुसता हसतो. म्हणे, हाताचा गुण आहे. मोठा आला हातगुणाचा.”

“तो आधी मूठभरच टाकतो. बाकीचे, गॅस बंद करायला पाच मिनिटं उरली की. म्हणून तर त्याच्या बिअरला संत्र्याच्या सालीचा वास येतो.”

“दोन वर्षं विचारतोय मी, मार्लिस. मला नाही सांगितलं त्याने. तुला बरं सांगितलं.”

“मलाही नाही सांगितलं.”

“मग तुला कसं माहीत?”

“पाच मिनिटं उरली की त्याच्या स्वयंपाकघरातून हाक मीच मारते त्याला. घड्याळ माझ्याकडे असतं.”

रांग पुढे सरकली. वेंडेल तिथेच उभा राहिला.