मैनाच्या वांग्यांची मर

"हॅलो? …हां, बोल यमू. सापगावातच हाय मी, घरी… येतोय आवाज, बोल."

रंजिता गावोगावच्या बायांना परसबागेतल्या झाडांचे रोग ओळखायला शिकवायची. धसईच्या तिच्या वर्गात शिकलेली यमू आपल्या पाड्यावर शेजारणींची झाडं बघायची, हौसेनं, फुकटात. आज मात्र तिनं एवढंच सांगितलं, की वर्गाच्या यादीतून माझं नाव काढून टाका, मला नाय जमायचं.

"का गो? …कुणाची वांगी? शेजारच्या मैनाची? …हिरवीगार होती नि माना टाकल्या? …बरं, मग तू काय सांगितलंस?"

यमूनं भरपूर पाणी द्यायला सांगितलं होतं. मैनानं दिलं. ते वाहत खालच्या महादूच्या वाफ्यात गेलं, आणि आता दोघांकडेही वांग्याचं एकही झाड उभं नव्हतं.

रंजिता खाटेवर बसली. हिरवं झाड असं कोमेजलं की खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरायचं. दुधासारखी तार सुटली तर मर रोग, पाण्यासोबत पसरणारा. पाणी बंद करायचं, झाड उपटायचं. धसईला हे दाखवायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, मुरबाडची एसटी चुकेल म्हणून तिनंच ते टाळलं होतं.

"यमू, ऐक ना… नाय गो, तू विसरली नायस. मी शिकवलंच नाय तुमाला… थांब, काय सांगितलंस तू मैनाला?"

ताईंनी शिकवलेलं, मीच विसरले, असं यमूनं पाड्यावर सांगून टाकलं होतं. नायतर ताईंच्या वर्गाला कोण येणार?

ऐकताना क्षणभर रंजिताला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"मैना हाय का तिथं? …दे तिला फोन. दे म्हणते ना… मैनावहिनी, मी रंजिता. यमूचं काय चुकलं नाय. रोग तपासायचा कसा, ते शिकवायला मीच थांबले नाय. गाडी पकडायची होती मला… हो, माझ्यामुळं. महादूदादांना पण उद्या मीच येऊन सांगते…"

पलीकडून मैना हळूच म्हणाली, की सकाळपासून यमू एकटीच दोन्ही वाफ्यांतली मेलेली झाडं उपटतेय, आणि आपण तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मग आता विचार, वहिनी… हो… जा तू. ठेवते मी."