हिरव्या रंगाचे दोन हात

हॅलो?… हं, इशिता! अगं मालतीमावशीच, पेणहून… कुठला फोटो?… हो, हो, गेल्या महिन्यातला. पाहुण्यांच्या मागे तोंड फुगवून उभी आहे ना, ती आमची ऋजुताच… सासू म्हणून मी काय केलं? काय करणार! ऐक ना आधी.

रोह्याच्या त्या कंपनीत, कॉलनीच्या सांडपाण्याच्या टाकीत तिनं गोणपाटाच्या पट्ट्या सोडल्या होत्या… हां, त्यावर हिरवा, बुळबुळीत थर धरतो… नुसतं शेवाळ नाही गं, सोबत जिवाणू. उन्हावर वाढतात, पाण्यातली घाण खातात. पाणी निवळतं, थर खरवडून वाळवला की खत… तेच तर! दिवाळीपासून राबत होती त्यासाठी.

मग उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी मॅनेजरसाहेब आले, नाकाला रुमाल. म्हणे, 'पाहुण्यांसमोर असली घाण?'… ती नव्हती ना तिथे! इथे आलेली, साडी न्यायला. विचारतंय कोण? ब्लीचिंग पावडर ओतली, ब्रशनं घासघास घासलं… सगळं! सगळं मेलं… थांब, पुढे ऐक. सकाळी कुणाला तरी आठवलं, पत्रिकेत 'हरित प्रकल्प' छापलाय. झालं! पट्ट्यांना हिरवा ऑइलपेंट. दोन हात… हसू नकोस गं, रडत होती ती.

पाहुणे?… खूश! हात लावला, बोटं हिरवी झाली. म्हणाले, 'वा! किती जिवंत आहे!'… शप्पथ!

ती गप्प बसते होय? माइक घेतला नि म्हणाली, 'साहेब, हा रंग आहे. जिवंत होतं ते काल धुतलं.'… काय होणार? टाळ्या! त्यांना वाटलं, कविता म्हणाली.

छे, नोकरी कशाला सोडेल? दुसऱ्या दिवशी पट्ट्या उपसून फेकल्या, नवं गोणपाट बांधलं. टाकीच्या कोपऱ्यात ना ब्रश पोचला होता, ना पावडर, तिथला तळहाताएवढा थर वाचलेला… हो, त्याचंच विरजण लावलं! धरलाय पुन्हा, कोवळा, पोपटी. आता टाकीच्या फाटकाला कुलूप. किल्ली हिच्या पर्समध्ये.

मॅनेजर?… परवा आले होते ना, पिशवी घेऊन. घरच्या गुलाबांना ते खत हवंय म्हणे!… दिलं गं, पहिलंच वाळलेलं, ओंजळभर. फक्त म्हणाली, 'साहेब, निदान घरी तरी धुऊ नका.'

हॅलो?… इशिता?… अगं, हसतेयस की रेंज गेली?… हॅलो?