मुठीवरचं चामडं

हेमराज : ते नाई. ते चामडं खाली ठेव. दुसरं धर, खिडकीपाशी. हं, आता दिसलं. हे लाव.

सोनाली : हे तर बिनरंगाचं आहे जी.

हेमराज : म्हणूनच म्हणतो. आता दुधावानी दिसते. वापरलं की मधावानी होईन, मग गुळावानी, मग चिंचेच्या गोळ्यावानी. पोरींच्या तलवारी आहेत. रोज हात लागन.

सोनाली : मी काळं लावते म्हणत होती.

हेमराज : काळं काऊन?

सोनाली : काळ्यावर टाका वाकडा गेला तरी दिसत नाई.

हेमराज : काळं म्हातारं होत नाई, सोनाली. पहिल्या दिवशी जसं, तसंच राह्यते. मग एकदमच कडा पांढऱ्या पडतात अन् फाटते.

सोनाली : मले ते म्हातारं झालेलं पाह्यचं नाई. प्रियंकाताई आज येऊन राहिल्या. त्यांनी पाह्यलं अन् हाव म्हटलं, एवढंच पाह्यजे मले.

हेमराज : ती काही नुसती पाह्यणारी नाई. सौंसरच्या मैदानात पंधरा-वीस पोरींले तलवार शिकवते. हातात घेतल्याबिगर सोडत नाई.

सोनाली : म्हणून तर रात्रंदिवस त्या एका मुठीच्या मागं लागली मी. सकाळी पुन्हा उकललं, पुन्हा भिजवलं, पुन्हा गुंडाळलं. पाहा न.

हेमराज : आण. डाव्या हातात दे. उजव्यात नको देऊ, पडन.

सोनाली : कसं झालं?

हेमराज : दिसाले चांगलं आहे.

सोनाली : अन् धराले?

हेमराज : ढिलं आहे.

सोनाली : किती ढिलं?

हेमराज : आता किती म्हणजे... ढिलं आहे.

सोनाली : असं नका करू जी. किती ओढाचं ते सांगा. मी हात कापेपर्यंत ओढलं. हे पाहा, दोऱ्याचे वळ उठले.

हेमराज : ओलं चामडं लाकडावर चढवलं का दोरा ओढाचा. ओढता ओढता चामडं एका जागी नाई म्हणते. तिथं थांबाचं. त्याच्या आधी थांबलं तर वाळल्यावर मूठ फिरते. त्याच्या पुढं गेलं तर चिरते.

सोनाली : नाई म्हणते म्हणजे? आवाज येते?

हेमराज : आवाज नाई येत.

सोनाली : मग?

हेमराज : हाताले समजते.

सोनाली : माया हाताले नाई समजत न.

हेमराज : मले माहीत आहे, व. पण माया तोंडाले ते सांगता येत नाई. दिवाळीपासून रोज पडल्या पडल्या तोच विचार करून राहिलो, का कसं सांगू तुले. पापड लाटताना तुले समजते न, आता लाटणं थांबवाचं? कसं समजते?

सोनाली : समजते. लहानपणापासून लाटते मी.

हेमराज : तेच झालं.

सोनाली : कोणीतरी आलं. प्रियंकाताईच दिसतात. या ताई, या. खुर्ची पुसते, थांबा.

प्रियंका : राहू द्या वहिनी, मी बसते अशीच. कसे आहात भाऊ? मागच्या वेळी आले तेव्हा तुम्ही नागपूरलाच होता, दवाखान्यात.

हेमराज : चालते थोडं थोडं. लकव्यानं गेलेला पाय परत आला. भिंतीच्या आधारानं अंगणापर्यंत जातो. हात नाई आला अजून.

प्रियंका : येईल हळूहळू. डॉक्टर काय म्हणतात?

हेमराज : तेही हेच म्हणतात. हळूहळू.

प्रियंका : मी माझी तलवार घेऊन आले, दाखवायला. आठवते का? मी कॉलेजात होते तेव्हा तुम्ही करून दिली होती.

हेमराज : द्या इकडे. हाव, हीच. पात्यावर हा ठोक्याचा खड्डा मायाच हातचा.

प्रियंका : मला मुलींसाठी अगदी हाच रंग पाहिजे भाऊ. हा तपकिरी, काळपट. वहिनींना मी फोनवर सांगत होते, पण फोनवर रंग सांगता येत नाही.

हेमराज : हा रंग मी नाई लावला ताई.

प्रियंका : म्हणजे?

हेमराज : मी लाल लावला होता. कुंकवावानी लाल. तुम्हाले आठवत नसन. इथं पाहा, पात्याखाली बोट जात नाई तिथं अजून लाल आहे.

प्रियंका : अरे, हो. मला वाटलं तिथं नंतर काही लागलं असेल.

हेमराज : तुमचा घाम लागला, धूळ लागली, ऊन लागलं. अंगठ्याखाली सर्वात काळं झालं, पाह्यलं? तुम्ही अंगठा दाबून धरता. असा रंग डब्यात मिळत नाई.

प्रियंका : मुली हट्ट करतात हो. नवीकोरी तलवार हातात घेतली की त्यांना खेळण्यातली वाटते. चंचल म्हणून एक आहे माझ्याकडं, ती सरळ म्हणाली, ताई, तुमच्यासारखी जुनी पाहिजे.

सोनाली : मी चहाच्या पाण्यानं करून पाह्यलं होतं ताई. थोडं तेल लावलं वरून. झाला होता असाच रंग.

प्रियंका : मग?

सोनाली : माया पदराले लागला सगळा. धुतला तरी निघाला नाई.

हेमराज : शिवजयंतीच्या मिरवणुकीत पोरींचे कपडे पांढरे राह्यतात. हात पुसला का संपलं.

प्रियंका : मग तुम्ही सांगा, भाऊ. कोणता घ्यायचा?

हेमराज : बिनरंगाचं घ्या. आता नवं दिसन, त्याले इलाज नाई. पण चंचलचं चंचलसारखं होईन, दुसरीचं दुसरीसारखं. पोरी मोठ्या झाल्या का ढिगातून आपापली ओळखतीन.

प्रियंका : हे छान आहे. हे मी सांगते त्यांना. वहिनी, ही तुम्ही गुंडाळलेली का? किती सुंदर दिसते आहे.

सोनाली : पाहा न हातात घेऊन.

हेमराज : सोनाली...

सोनाली : पाहू द्या जी त्याईले.

प्रियंका : अंगणात जागा आहे ना? दोन हात करून बघते. राग मानू नका वहिनी, माझी सवय आहे. मागं एकदा सरावात एका मुलीच्या हातात मूठ फिरली आणि तलवार सुटली. पुढच्या मुलीच्या पायाजवळ येऊन पडली. धार नव्हती, पण वजन तर असतंच. त्या दिवसापासून प्रत्येक मूठ मी आधी स्वतः फिरवते.

(प्रियंका तलवार घेऊन अंगणात जाते. पात्याचा वाऱ्यातला आवाज येतो, मग थांबतो. ती परत येते.)

सोनाली : झालं ताई?

प्रियंका : वहिनी, फिरते.

सोनाली : पुरी वाळली नसन. सकाळीच गुंडाळली मी.

प्रियंका : तसं असेलही.

सोनाली : उद्या पाहा न. नाईतर परवा. मी आणून देते सौंसरले, तुम्हाले इथं याचं काम नाई.

हेमराज : वाळल्यावर आणखी फिरन, सोनाली.

सोनाली : तुम्ही मधात नका बोलू.

हेमराज : बोलू दे मले. ताई, तुम्ही नागपुरातून घ्या. तिथं मिळतीन. रंग असा नाई भेटणार, पण मूठ घट्ट राहीन.

सोनाली : काऊन सांगून राहिले जी तुम्ही असं?

हेमराज : पोरगी आहे न हातात धरणारी.

प्रियंका : मी थांबले असते वहिनी. खरंच थांबले असते. पण शिवजयंती जवळ आली, आणि मुली अजून काठ्यांवरच सराव करताहेत. तलवारीचं वजन हातात बसायलाही वेळ लागतो.

सोनाली : हाव. बरोबर आहे तुमचं.

प्रियंका : असं करू या का? मला बक्षिसासाठी दोन तलवारी लागतात. फळीवर बसवून भिंतीला टांगायच्या. त्या कोणी फिरवत नाही. तेवढ्या तुम्ही द्या.

सोनाली : देते. देऊ न जी?

प्रियंका : भाऊ?

हेमराज : दे.

प्रियंका : त्याही बिनरंगी करा मग.

हेमराज : नाई. त्याले काळं लावा. भिंतीवर हात लागत नाई. बिनरंगी चामडं तिथं धूळ खाते, अन् बुरशी धरते पावसात. काळं चांगलं दिसन.

प्रियंका : ठीक. काळं तर काळं. निघते मी, सौंसरची बस सुटेल. भाऊ, काळजी घ्या. वहिनी, तुम्हीसुद्धा.

सोनाली : चहा राह्यला ताई.

प्रियंका : पुढच्या वेळी घेईन.

हेमराज : तुमची तलवार राहिली पाहा. घ्या. मुठीले महिन्यातून एकदा खोबऱ्याचं तेल लावत जा, बोटभर. जास्त नाई.

प्रियंका : लावते. येते.

सोनाली : गेल्या.

हेमराज : रागावली का?

सोनाली : कोणावर रागावू? त्या चांगल्याच बोलल्या.

हेमराज : मायावर.

सोनाली : तुम्ही खरं बोलले. पण मी इथं बाजूले उभी होती जी. लोखंडवाल्याशी मी भांडली, सुताराच्या मागं मी फिरली, तुमची दवाई, तुमची आंघोळ, सगळं करून बसली दोरा ओढत. अन् तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलं, नागपुरातून घ्या.

हेमराज : हाव.

सोनाली : मले एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

हेमराज : विचारलं असतं तर तू नको म्हटलं असतं. मग मले पोरींच्या हातात ते द्या लागलं असतं.

सोनाली : मी बी नसतं दिलं. अंगणातला पात्याचा आवाज थांबला तेव्हाच मले समजलं होतं.

हेमराज : मग?

सोनाली : मग काय. तोंडातून निघत नव्हतं.

हेमराज : उकलून राहिली का ते?

सोनाली : हाव. दोरा तरी कामाचा आहे.

हेमराज : भिंतीवरच्या दोन होईपर्यंत राहू दे बाजूले. ते काळं काढ.

सोनाली : काळं उद्या. हे एकदा पुन्हा भिजवते. कोणाले द्याचं नाई आता, तर घाई बी नाई.

हेमराज : चिरन ते. किती वेळा भिजवशीन?

सोनाली : चिरू द्या. चिरलं तर समजन न, कुठं नाई म्हणते ते.

हेमराज : इकडे ये. खाटेपाशी बस. दोऱ्याचं टोक माया डाव्या मनगटाले बांध. तू मूठ फिरव, मी ओढतो.

सोनाली : झेपन?

हेमराज : बांध तर.

सोनाली : बांधलं. चामडं धरलं मी. ओढा.

हेमराज : ओढलं.

सोनाली : ओढा न.

हेमराज : ओढूनच राहिलो. एवढाच जोर आहे आता.

सोनाली : बरं. जवळ सरकते मी. पुन्हा ओढा.